आकड्यांतला आवाज आणि ऐकण्याचा परवाना : नाकाडोंगरी परिसराच्या संदर्भात लिनक्स होम थिएटर संगणकावरील डिजिटल ऑडिओ आउटपुटचा इतिहास

प्रस्तावना

ध्वनिमुद्रण आणि ध्वनिप्रसारण यांच्या इतिहासलेखनात गायक, संगीतकार, नाटक मंडळ्या आणि चित्रपटसंस्था यांना मोठे स्थान मिळाले आहे. श्रोत्याच्या घरातील यंत्र मात्र या लेखनात क्वचितच डोकावते. ग्रामोफोन, व्हॉल्व्हचा रेडिओ, ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, व्हीसीआर, डीव्हीडी प्लेअर ही यंत्रे घरात आली, जुनी झाली आणि माळ्यावर गेली. त्यांच्यामुळे ऐकण्याच्या व्यवहारात काय बदलले, कोणाच्या हाती काय गेले, याची नोंद फारशी झाली नाही. प्रस्तुत लेखात या मालिकेतील एका अलीकडच्या व उपेक्षित यंत्राचा विचार केला आहे. हे यंत्र म्हणजे लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर चालणारा होम थिएटर संगणक. त्यातही भर आहे तो त्याच्या डिजिटल ऑडिओ आउटपुटवर, म्हणजे आवाजाचे आकडे आकड्यांच्याच रूपात ॲम्प्लिफायरकडे पाठविणाऱ्या जोडणीवर.

विषय वरवर पाहता तंत्रज्ञांचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात शिरावे कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक होय. परंतु १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील दहा-बारा वर्षे लिनक्स वापरणाऱ्यांच्या वाट्याला एक विलक्षण अनुभव वारंवार आला. तार बरोबर जोडलेली, यंत्र सुस्थितीत, चकती रीतसर विकत घेतलेली, आणि तरीही आवाज नाही. या मौनाची कारणे तारेत थोडी, आणि कायद्यात, परवान्यांत व भाषेत अधिक होती, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. स्थानिक संदर्भ म्हणून भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्याच्या उत्तरेकडील नाकाडोंगरी हे गाव व त्याचा परिसर घेतला आहे. मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचा हा वनपट्टा. ध्वनितंत्रज्ञानासंबंधीचे निर्णय ज्या टोकियोत, कॅलिफोर्नियात आणि ब्रुसेल्समध्ये झाले, तेथून तो दूर आहे. अशा ठिकाणावरून पाहिले म्हणजे कोणता अडथळा निसर्गाचा, कोणता तंत्राचा आणि कोणता माणसाने मुद्दाम उभा केलेला, हे अधिक नीट दिसते.

खाण, सेल आणि पोस्टातला परवाना

नाकाडोंगरीचा आणि ध्वनीच्या इतिहासाचा संबंध संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि तो जमिनीखालचा आहे. गावाच्या जवळच डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजची उघडी खाण आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजेच आजच्या मॉइल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीकडे ती आहे. याच तालुक्यात चिखला येथेही मँगनीजची खाण आहे. मध्य प्रांतातील हे खनिज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज भांडवलदारांच्या नजरेत भरले आणि भूगर्भशास्त्रज्ञ एल. एल. फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीजच्या साठ्यांवर लिहिलेल्या बृहद्ग्रंथाने त्याची शास्त्रीय नोंद झाली. बहुतेक मँगनीज पोलाद कारखान्यांकडे जाते. डोंगरी बुजुर्गचे वैशिष्ट्य असे की, येथील मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलच्या उद्योगात वापरले जाते. विद्युत-विघटनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करणारा मॉइलचा कारखानाही येथेच आहे.

फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये जो विद्युतघट तयार केला, त्यात जस्ताच्या जोडीला मँगनीज डायऑक्साइड होते. त्याचाच कोरडा अवतार म्हणजे टॉर्चमध्ये व ट्रान्झिस्टरमध्ये घातला जाणारा दीड व्होल्टचा सेल. खेड्यात वीज पोहोचण्यापूर्वी, आणि पोहोचल्यानंतरही तिचा भरवसा नसताना, आवाज घरात आला तो या सेलवर. १९४८ मध्ये आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, १९५७ मध्ये विविध भारती आली आणि साठोत्तरी काळात ट्रान्झिस्टर स्वस्त होत गेला. दंडार, खडी गंमत आणि दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर चालणारी नाटके यांवर पोसलेल्या झाडीपट्टीच्या श्रोत्याला वर्षभर घरबसल्या ऐकता येईल असा आवाज प्रथम या मार्गाने मिळाला. ट्रान्झिस्टरच्या पोटातील सेलमधली काळी पूड आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारे खनिज हे एकाच जातीचे द्रव्य आहे, ही गोष्ट मात्र परिसरातही थोड्यांच्या लक्षात असेल. आजच्या होम थिएटरच्या रिमोटमधील सेलांतही तेच आहे.

या काळातील एक बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. रेडिओ बाळगण्यासाठी परवाना लागे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यान्वये पोस्टात शुल्क भरून तो दरवर्षी नव्याने करून घ्यावा लागे, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही व्यवस्था टिकली. तो जाचक होता, यात शंका नाही. तथापि तो दिसणारा होता. त्याचे पुस्तक असे, त्यावर शिक्का असे, शुल्क किती आणि ते कोणी घेतले हे श्रोत्याला ठाऊक असे. आणि एकदा परवाना घेतला की हवेतून येणारे कोणतेही केंद्र त्या यंत्रावर लागे.

तबकडी व चित्रपट यांची स्थिती याहून मोकळी होती. १९३१ च्या ‘आलम आरा’साठी इंपीरियल कंपनीला विल्फर्ड डेमिंग या अमेरिकन तंत्रज्ञाचे साहाय्य घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाच्या वेळी ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. दामले मूळचे पडदे रंगविणारे आणि यंत्रे खोलून पाहण्याची आवड असणारे कारागीर. परक्या देशातून आणलेले यंत्र कोल्हापुरात उघडून, समजून घेऊन चालविता आले, याचे श्रेय त्यांच्या हातांचे आहेच. पण त्या यंत्राचे गुपित उघडल्यावर दिसणारे होते, हेही तितकेच खरे. फिल्मच्या कडेला प्रकाशाने उमटविलेली ध्वनिपट्टी डोळ्यांना दिसे आणि ती साध्या तंबूतल्या टुरिंग टॉकीजच्या प्रोजेक्टरवरही वाजे. तबकडीच्या खाचेचेही तसेच. कोणत्याही कारखान्याची सुई कोणत्याही कंपनीच्या तबकडीवर चाले. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतातील कॅसेटने ध्वनिनिर्मितीचे केंद्रीकरण कसे मोडले, हे दाखविले आहे. कॅसेटही याच मोकळ्या कुळातली होती.

आकड्यांत गेलेला आवाज

ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ मध्ये पॅरिस येथे मांडली. ती घरापर्यंत पोहोचण्यास ४५ वर्षे लागली. फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी मिळून निश्चित केलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये विक्रीस आली. तिच्यात आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो आणि डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्या असतात. म्हणजे दर सेकंदाला १४,११,२०० बिट. हे आकडे प्लेअरमध्येच पुन्हा विद्युतलहरीत बदलण्याऐवजी जसेच्या तसे बाहेर काढून चांगल्या यंत्राकडे द्यावेत, या विचारातून या दोन कंपन्यांच्या नावाची एसपीडीआयएफ जोडणी आली. पुढे ती आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ९५८ क्रमांकाच्या, म्हणजे आजच्या ६०९५८ क्रमांकाच्या मानकात समाविष्ट झाली. तांब्याच्या तारेप्रमाणेच ती प्रकाशतंतूवरूनही चालते. तो तंतू तोशिबाने १९८३ मध्ये आणला म्हणून टॉसलिंक. त्याच्या टोकाला डोळ्यांना दिसणारा लाल उजेड असतो.

येथवर सर्व काही खुले होते. मानक प्रकाशित होते, आकडे उघडे होते. अडचण उभी राहिली ती वाहिन्यांची संख्या वाढल्यावर. १९९२ मध्ये ‘बॅटमन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल आणि १९९३ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस या पद्धती चित्रपटगृहांत आल्या. पहिलीत आकडे फिल्मच्या छिद्रांमधल्या जागेत छापलेले असत; दुसरीत ते वेगळ्या चकतीवर असत आणि फिल्मवर फक्त वेळेच्या खुणा. पुढे डीव्हीडीसोबत या पद्धती घरात शिरल्या. पाच पूर्ण वाहिन्या आणि खर्जासाठी एक, अशा सहा वाहिन्यांचा आवाज न दाबता पाठवायचा झाल्यास ४८,००० नमुने, १६ बिट आणि ६ वाहिन्या यांचा गुणाकार दर सेकंदाला ४६,०८,००० बिट होतो. दोन वाहिन्यांच्या डिजिटल जोडणीत १६ बिटांच्या नमुन्यांसाठी जागा होती १५,३६,००० बिटांची. म्हणून आकडे दाबून, आक्रसून पाठविणे भाग पडले. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलचा प्रवाह जास्तीत जास्त ४,४८,००० बिटांचा असतो. त्यामुळे तो जुन्या जोडणीतून सहज जाई.

मात्र हे आक्रसलेले आकडे कानाला निरर्थक असतात. ते उलगडणारी रीत पेटंटने बांधलेली होती आणि उलगडणारी चिप बसविणारा प्रत्येक उत्पादक त्यासाठी शुल्क भरत असे. ते शुल्क यंत्राच्या किमतीत मिसळून श्रोत्याकडून वसूल होई. पोस्टातल्या परवान्याची जागा अशा रीतीने न दिसणाऱ्या परवान्याने घेतली. त्याचे पुस्तक नव्हते, शिक्का नव्हता, आणि तो आपण काढलेला आहे याची श्रोत्याला कल्पनाही नव्हती. बाजारातला तयार डीव्हीडी प्लेअर घेणाऱ्याला हा बदल जाणवण्याचे कारणच नव्हते. तो जाणवला लिनक्स वापरणाऱ्याला, कारण त्याच्या प्रणालीसाठी हे शुल्क भरणारा कोणी मालकच नव्हता.

दुसऱ्या देशाच्या कायद्याचे मौन

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. भारतात तो पसरला तो मुख्यतः ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकासोबत १९९६ पासून मिळणाऱ्या सीडींमुळे. त्यामागे बंगळूर येथील अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांचा पुढाकार होता. इंटरनेट दुर्मीळ आणि महाग असताना मासिकाच्या किमतीत संपूर्ण प्रणाली मिळणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात संगणकसाक्षरता पोहोचविली ती २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने. तो अभ्यासक्रम विंडोजवर आधारलेला होता. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी संगणक शिकलेल्या पिढीला लिनक्स ही शेजारून जाणारी वाट राहिली. तिच्यावर वळणारे थोडे होते. जुना, दुसऱ्या हातचा संगणक मोफत प्रणालीवर चालतो, हे बहुधा त्यांचे आकर्षण असे.

या वाटेवर आवाजाच्या बाबतीत दोन कुलपे होती. पहिले डीव्हीडीचे. चकतीवरील मजकूर सीएसएस या सांकेतिक पद्धतीने बंद केलेला असे आणि तिची किल्ली केवळ परवानाधारक प्लेअरकडे. १९९९ च्या ऑक्टोबरात योन लेक योहान्सेन या नॉर्वेजियन तरुणाशी निगडित असलेल्या डीसीएसएस या आज्ञावलीने ते उघडले. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो दोन्ही न्यायालयांत निर्दोष ठरला. स्वतः विकत घेतलेली चकती स्वतःच्या संगणकावर पाहणे हा गुन्हा कसा, हा त्या खटल्यातील कळीचा प्रश्न होता. दुसरे कुलूप पेटंटचे. रेड हॅट कंपनीने २००२ च्या सप्टेंबरात आपल्या लिनक्सच्या ८.० या आवृत्तीतून एमपी३ वाजविण्याची सोय काढून टाकली, ती पेटंटच्या भीतीने. डॉल्बी डिजिटल उलगडणाऱ्या आज्ञावलीही अनेक मोठ्या वितरणांतून याच कारणाने वगळलेल्या असत.

या ठिकाणी एक विसंगती लक्षात घेणे अगत्याचे आहे. भारतात पेटंट कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीने, जी २००३ मध्ये अमलात आली, केवळ संगणक आज्ञावली म्हणून असलेली गोष्ट पेटंटयोग्य नाही असे कलम ३(के) मध्ये नमूद झाले. २००४ च्या अखेरच्या वटहुकमाने ते शिथिल करण्याचा प्रयत्न झाला. २००५ मध्ये संसदेने तो स्वीकारला नाही. पुढे प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये आलेले कलम ६५ए हेही तांत्रिक कुलूप तोडणे तेव्हाच दंडनीय मानते, जेव्हा त्यामागे हक्कभंगाचा उद्देश असतो. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याची पकड याहून बरीच व्यापक आहे. म्हणजे नाकाडोंगरीत बसून लिनक्सची सीडी चालविणाऱ्याला भारतीय कायद्याने जे करण्यास मज्जाव केला नव्हता, ते त्याच्या संगणकावर होत नव्हते, कारण ती सीडी अमेरिकन कायद्याच्या धाकात तयार झालेली होती. त्याच्या घरातील शांतता भारताच्या संसदेने लादलेली नव्हती. हा मुद्दा तांत्रिक मार्गदर्शिकांमध्ये सहसा येत नाही. तेथे फक्त ‘हे पॅकेज वेगळे उतरवून घ्या’ एवढीच सूचना असते.

डिजिटल ऑडिओ आउटपुटचे ऐतिहासिक महत्त्व नेमके येथे आहे. संगणकाने आवाजाचे आकडे उलगडायचेच नाहीत, ते बंद पाकिटासारखे पुढे सरकवायचे आणि उलगडण्याचे काम ॲम्प्लिफायरवर सोपवायचे, ही रीत ‘पासथ्रू’ म्हणून ओळखली जाते. ॲम्प्लिफायरच्या उत्पादकाने शुल्क भरलेलेच असते. त्यामुळे लिनक्समध्ये उलगडणारी आज्ञावली नसली तरी काही बिघडत नाही. पेटंटचा प्रश्न तारेच्या पलीकडे ढकलला जातो. पोस्टमनने पत्र वाचायचे नाही, फक्त पोहोचवायचे, तसे हे काम. ही वाट कायद्याच्या दृष्टीने स्वच्छ होती, परंतु ती सर्वांसाठी नव्हती. २००० च्या दशकात आपल्याकडील बाजारात विकल्या गेलेल्या स्वस्त ५.१ स्पीकर संचांत उलगडणारी चिपच नसे. त्यांच्या मागे सहा वाहिन्यांच्या साध्या ॲनालॉग तारा लावण्याची सोय असे, इतकेच. असा संच घेणाऱ्याला संगणकातच आकडे उलगडावे लागत, आणि त्यासाठी वितरणातून वगळलेली आज्ञावली शोधून आणावी लागे. महागडा ॲम्प्लिफायर घेणारा निर्वेध राहिला आणि संशयाचे ओझे स्वस्त संच घेणाऱ्यावर पडले. परवाना दिसेनासा झाला तेव्हा त्याचा भार कोठे सरकला, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

एकही आकडा न बदलता

कायद्याचे कुलूप बाजूला ठेवले तरी जोडणीचा व्यवहार सोपा नव्हता. लिनक्समधील ध्वनिव्यवस्थेचा प्रारंभ हन्नु सावोलाइनेन यांच्या ड्रायव्हरांनी झाला. १९९८ मध्ये यारोस्लाव किसेला यांनी आल्सा प्रकल्प सुरू केला. मुळात तो एका विशिष्ट साउंड कार्डासाठी होता. २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ या गाभ्यात तो अधिकृत व्यवस्था ठरला. या व्यवस्थेत आवाजाचे सर्व मार्ग सुरुवातीस बंद, म्हणजे म्यूट, ठेवलेले असत. मिक्सरच्या पडद्यावर डिजिटल मार्गापुढे ‘एमएम’ अशी दोन अक्षरे दिसत. ‘एम’ ही कळ दाबली की मार्ग उघडे. शिवाय त्या मार्गाचे नाव एसपीडीआयएफ असे नसून मानकाच्या क्रमांकावरून ‘आयईसी ९५८’ असे ठेवलेले होते. कंपन्यांच्या नावांपेक्षा मानकाचा क्रमांक बरा, ही भूमिका तत्त्वतः उचित होय. परंतु केबलच्या खोक्यावर एक नाव आणि पडद्यावर दुसरे, यामुळे किती जणांनी चांगली केबल बाद ठरवून नवी आणली असेल, याची गणती कोणी केलेली नाही.

पासथ्रूची अट कठोर असते. बंद पाकिटातील एकही आकडा वाटेत बदलता कामा नये. संगणकाच्या पडद्यावरचा आवाज किंचित कमी केला तरी प्रत्येक आकडा कोणत्यातरी संख्येने गुणला जातो आणि प्रवाह नासतो. आल्सामध्ये अनेक आज्ञावलींचे आवाज एकत्र मिसळणारी ‘डीमिक्स’ ही सोय तर सर्वच आवाज बहुधा ४८,००० नमुन्यांवर आणून ठेवते. म्हणून या कामासाठी सोयीचे सर्व मधले थर ओलांडून थेट यंत्राशी बोलावे लागे. त्यातही प्रवाहासोबत जाणाऱ्या स्थितीदर्शक बिटांपैकी एक बिट ‘हा साधा आवाज नव्हे’ असे सांगणारा असतो. तो विसरला गेल्यास काही ॲम्प्लिफायर आक्रसलेले आकडे साधा आवाज समजून वाजवितात आणि स्पीकरमधून कर्कश खरखर बाहेर पडते. रात्रीच्या वेळी गावात ती किती दूर ऐकू जात असेल, याची कल्पना करता येते. २००४ मध्ये लेनार्ट पोटरिंग यांनी सुरू केलेला आणि पुढे पल्सऑडिओ म्हणून ओळखला गेलेला थर २००७ मध्ये फेडोरा ८ या वितरणात मुख्य झाला. त्याने रोजचा वापर सुकर केला, मात्र पासथ्रूची नीट सोय त्यात २०११ मध्ये आली. मधल्या काळात अनेक वापरकर्ते तो थर काढूनच टाकीत.

मदरबोर्डाची वेगळीच कथा. २००४ पासून इंटेलच्या हाय डेफिनिशन ऑडिओ या आराखड्यानुसार ध्वनीची चिप मदरबोर्डावरच येऊ लागली. कोणता सॉकेट कोणत्या टाचणीला जोडला आहे याची माहिती उत्पादकाने बायॉसमध्ये द्यावी, अशी अपेक्षा होती. पुष्कळांनी ती चुकीची दिली, कारण विंडोजसाठी त्यांचा वेगळा ड्रायव्हर असे आणि तो चूक झाकून घेई. लिनक्सच्या बाजूने ताकाशी इवाइ व त्यांचे सहकारी प्रत्येक मॉडेलची चूक नोंदवून तिच्यावरील उतारा गाभ्यात समाविष्ट करीत गेले. ही यादी आजही वाढते आहे. उत्पादकांच्या निष्काळजीपणाचा असा तपशीलवार आणि सार्वजनिक दस्तऐवज औद्योगिक इतिहासात विरळाच. अभ्यासकांनी तो अद्याप हाताळलेला नाही. अनेक स्वस्त मदरबोर्डांवर डिजिटल आउटपुटच्या नुसत्या टाचण्या असत आणि बाहेर काढणारी पट्टी वेगळी घ्यावी लागे, ही आणखी एक गोष्ट.

तांब्याची तार की प्रकाशतंतू, हा प्रश्न शहरात आवडीनिवडीचा मानला जातो. जेथे अर्थिंगची तार कागदोपत्रीच असते आणि व्होल्टेज चढत-उतरत राहते, तेथे त्याला वेगळे वजन येते. संगणक व ॲम्प्लिफायर यांच्या अर्थिंगमध्ये फरक असला की त्यांना जोडणाऱ्या तांब्यातून प्रवाह वाहू लागतो आणि स्पीकरमध्ये सतत गुणगुण येते. प्रकाशतंतू प्लॅस्टिकचा असल्याने त्यातून वीज वाहत नाही आणि तो दोष तेथेच तुटतो. याच काळात, विशेषतः २००५ नंतर, महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले. आल्साच्या मिक्सरमधील जुळवणी संगणक रीतसर बंद करताना जतन होते. वीज अचानक गेली की ती जतन होत नाही आणि पुन्हा सुरू केल्यावर मार्ग परत बंद सापडतो. यावर उपाय एका ओळीच्या आज्ञेचा आहे: जुळवणी झाल्याबरोबर ती स्वतः जतन करून ठेवणे. ही व्यवस्था आखणाऱ्यांनी वीज न जाणारी घरे गृहीत धरली होती, असे यावरून म्हणता येते.

भाषेचा उंबरठा

वरील सर्व ज्ञान मोफत उपलब्ध होते आणि ते इंग्रजीत होते. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने आज्ञावली उघडी ठेवली. ती वाचण्याची भाषा मात्र तिच्या हाती नव्हती. मराठीकरणाचे काम या शतकाच्या प्रारंभी इंडलिनक्स या उपक्रमापासून सुरू झाले, आणि पुढे रेड हॅटच्या पुणे येथील कार्यालयातील भाषा-गटाने नोम या डेस्कटॉपचे मराठी भाषांतर व लोहित हे मुक्त टंक यांत मोठी भर घातली. ज्या कंपनीने अमेरिकन पेटंटच्या भीतीने संगणकाचा आवाज काढून घेतला, तिनेच पुण्यातून त्याला मराठी दिली, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे. तथापि मेनू मराठी झाला तरी मिक्सरमधले ‘आयईसी ९५८’ तसेच राहिले, आणि अडचण आली की उत्तर इंग्रजीतच शोधावे लागे. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सविषयक पाठ मराठीतून ऐकविण्याची सोय केली. हे पाठ छापील मार्गदर्शिकेऐवजी आवाजातून दिले गेले, ही बाब येथे विशेष अर्थपूर्ण ठरते. पण ते ऐकण्यासाठीही संगणकाचा आवाज आधी चालू असावा लागतो.

कुलपांचे स्थलांतर

२०१७ पर्यंत परिस्थिती पालटली. त्या वर्षी एमपी३ चा परवाना-कार्यक्रम बंद झाला आणि डॉल्बी डिजिटलच्या मूळ पद्धतीवरील पेटंटांची मुदतही संपली. फेडोराने एमपी३ वाजविण्याची सोय २०१६ च्या अखेरीस परत आणली होतीच. विम टायमन्स यांनी विकसित केलेला पाइपवायर हा नवा ध्वनिथर २०२१ मध्ये फेडोरा ३४ मध्ये मुख्य झाला आणि पासथ्रूसाठी पूर्वी कराव्या लागणाऱ्या बहुतेक खटपटी अनावश्यक झाल्या. २००२ मध्ये मूळ एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी सुरू झालेला आणि २०१४ पासून कोडी या नावाने ओळखला जाणारा प्लेअर रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर चालतो. जे करण्यासाठी एकेकाळी मदरबोर्डाच्या टाचण्या मोजाव्या लागत, ते आता एका पर्यायावर खूण करून होते.

दरम्यान कुलपांनी जागा बदलली आहे. स्वस्त मोबाइल इंटरनेट २०१६ नंतर खेड्यांत पोहोचले आणि चकती जवळपास नाहीशी झाली. सशुल्क चित्रपटसेवांचा मजकूर वाइडव्हाइनसारख्या बंद व्यवस्थेतून येतो आणि लिनक्स डेस्कटॉपवरील ब्राउझरला अनेक सेवा दोनच वाहिन्यांचा आवाज देतात, दर्शकाने पूर्ण शुल्क भरलेले असले तरीही. सहा-आठ वाहिन्यांचा न आक्रसलेला आवाज वाहण्याइतकी जागा एचडीएमआय या जोडणीत आहे, परंतु तिचे नियम तिच्या मंचाच्या सदस्यांपुरते आहेत. एचडीएमआय २.१ साठीचा मुक्त लिनक्स ड्रायव्हर प्रसिद्ध करण्याचा एएमडी कंपनीचा प्रस्ताव त्या मंचाने नाकारल्याचे २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले. ड्रायव्हर लिहिण्याची तयारी होती, यंत्र त्याच कंपनीचे होते, अडले ते परवानगीवर. १९८३ च्या आराखड्याचा, लाल उजेडाचा चौकोनी सॉकेट ज्या संगणकांवर अजून शिल्लक आहे, त्यांतून दोन वाहिन्यांचे आकडे आजही कोणाच्या परवानगीशिवाय बाहेर पडतात.